देवाच्या जनावराची शिकवणी

'ब्लॅक अँड व्हाइट' हा कॉम्प्युटर गेम २००१ साली आला. त्यात खेळणारा देव असतो, पण त्याला ना चेहरा ना रूप. पडद्यावर दिसतो तो नुसता एक हात. त्याच हाताने झाडं उपटायची, धान्य उचलून कोठारात टाकायचं, हवेत खूण काढून चमत्कार घडवायचे. आणि त्याच हाताने एक जनावर वाढवायचं. सुरुवातीला तिघांतून एक निवडायचं: वानर, गाय किंवा वाघ. वानर चटकन शिकतं, वाघ अंगाने दणकट, गाय मवाळ. जनावर वाढत वाढत घरांच्याही वर जातं आणि मग गावकऱ्यांना पाणी-धान्य आणून देतं, नाहीतर गावकऱ्यांनाच उचलून खातं. (गाय माणूस खाते हे दृश्य आपल्याकडच्या खेळणाऱ्यांना जरा जडच जात असणार.) यातलं काय करायचं ते त्याला आपण शिकवायचं. केलेलं पसंत पडलं तर कुरवाळायचं, नाही पडलं तर चापट द्यायची.

ही चापट दोन घराण्यांतून आली आहे.

पहिलं घराणं इंग्लंडमधल्या गिल्डफर्डचं. तिथल्या बुलफ्रॉग कंपनीत पीटर मॉलिन्यू यांनी १९८९ साली 'पॉप्युलस' केला आणि 'गॉड गेम' हा प्रकार रूढ झाला. त्यातला देव जमीन वर-खाली करायचा, भूकंप घडवायचा. माणसं आपलं आपण बघून घ्यायची. १९९७ च्या 'डन्जन कीपर'मध्ये हात आला. तिथे खेळणारा म्हणजे भुयाराचा दुष्ट मालक. खोदकाम करणाऱ्या बुटक्या सैतानांना चापट मारली की ते भराभर हात चालवायचे. पण ही चापट म्हणजे निव्वळ चाबूक. काम वाढायचं, मार खाणाऱ्याचा जीव थोडा घटायचा, शिकायचं मात्र कुणीच काही नाही.

शिकवणारी चापट दुसऱ्या घराण्यातली. १९९६ साली स्टीव्ह ग्रँड यांचा 'क्रीचर्स' आला. त्यात नॉर्न नावाचे केसाळ जीव होते. प्रत्येकाला सुमारे १००० न्यूरॉनचा आपापला मेंदू आणि अंगात खेळणारी आपापली रसायनं. गुदगुल्या केल्या की बक्षिसाचं रसायन सुटायचं, फटका दिला की शिक्षेचं, आणि मेंदूतले दुवे त्याप्रमाणे घट्ट किंवा सैल व्हायचे. त्याच वर्षी जपानमध्ये तामागोची आलं. त्या अंड्याएवढ्या खेळण्यातही उगाच हाका मारणाऱ्या पिल्लाला दटावायची सोय होती. तरी दटावणी ही आकडा वाढवायची कळ होती. नॉर्नच्या पाठीवरचा फटका थेट मेंदूपर्यंत पोचत होता.

या शिकवणाऱ्या चापटीच्या मागे एक मूळपुरुष आहे. एडवर्ड थॉर्नडाइक हार्वर्डमध्ये शिकत असताना कोंबडीच्या पिल्लांवर प्रयोग करू लागला. घरमालकीण पिल्लं ठेवू देईना, तेव्हा मानसशास्त्राचे थोर प्राध्यापक विल्यम जेम्स यांनी त्याला आपल्या घराचं तळघर दिलं. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्याने भुकेली मांजरं पेट्यांत कोंडली आणि खाणं बाहेर ठेवलं. दोरी ओढली किंवा खुंटी दाबली की दार उघडायचं. मांजर आधी नुसतीच धडपड करायचं, मग दर खेपेला लवकर सुटायचं. १८९८ साली त्याने हे छापलं, आणि ज्या कृतीमागून समाधान येतं ती पक्की होते, हा नियम त्यातूनच निघाला.

त्या प्रयोगांतला एक प्रकार फारसा कुणी सांगत नाही, पण आपल्या गोष्टीला तोच सगळ्यात जवळचा. काही मांजरांना थॉर्नडाइकने दोरी-खुंटी दिलीच नाही. मांजराने स्वतःचं अंग चाटलं की तोच दार उघडायचा. मांजरं हेही शिकली. पण मग चाटणं हळूहळू आखडत गेलं आणि शेवटी जीभ लावल्यासारखं करण्यापुरतं उरलं. दार तेवढ्यावरही उघडत असेल तर मांजराने जास्त कष्ट का घ्यावेत? शिकवणाऱ्याच्या मनात काय होतं ते जनावराला कळत नाही. बक्षीस कशावर मिळालं, एवढंच कळतं.

मॉलिन्यू १९९७ साली बुलफ्रॉगमधून बाहेर पडले आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी लायनहेड काढली. हे भारदस्त नाव मार्क वेबली या सहसंस्थापकाच्या हॅम्स्टरचं! 'ब्लॅक अँड व्हाइट'च्या बुद्धीचं काम सुरुवातीला डेमिस हसाबिस या तरुणाकडे होतं. तो १९९८ साली स्वतःची कंपनी काढायला गेला. जनावराचं डोकं घडवलं ते रिचर्ड इव्हान्स यांनी.

इव्हान्स यांनी नॉर्नसारखा एकसंध मेंदू केला नाही. त्यांनी डोक्याचे कप्पे पाडले: जनावराला काय ठाऊक आहे, त्याला काय हवंय, आणि त्यासाठी ते काय करायचं ठरवतं. ही विभागणी तत्त्वज्ञ मायकेल ब्रॅटमन यांच्या १९८७ च्या पुस्तकातून संगणकशास्त्रात आलेली. 'हवंय'च्या कप्प्यात प्रत्येक इच्छेला एक साधा पर्सेप्ट्रॉन, म्हणजे कारणांना वजनं लावून बेरीज करणारा १९५० च्या दशकातला जुना शोध. भूक तीन कारणांनी लागू शकते: अंगातली शक्ती कमी झाली, समोर चविष्ट काही दिसलं, किंवा मन खिन्न आहे. कोणत्या कारणाला किती वजन द्यायचं ते आपल्या चापटीने आणि कुरवाळण्याने ठरतं. उदास असताना खाणाऱ्या जनावराला कुरवाळत राहिलात, तर ते दुःखात खाणारं जनावर होतं. आणि लठ्ठही होतं. शरीर लपवाछपवी करत नाही.

'ठाऊक आहे'च्या कप्प्यात रॉस क्विनलन यांची १९८६ साली प्रसिद्ध झालेली पद्धत आहे. उदाहरणच घेऊ. जनावराने नऊ गावांवर हल्ले केले. आपला प्रतिसाद प्रत्येक वेळी उणे १ ते अधिक १ यांमधल्या आकड्यात नोंदला गेला. चार गावं आपलीच होती. चारही वेळा सपाटून मार, उणे १. शत्रूचं कमकुवत गाव लुटलं तेव्हा थोडं कुरवाळणं, अधिक ०.४. शत्रूच्या बळकट गावावर चाल केली तेव्हा हलक्या चापटा. शिवाय गावं वेगवेगळ्या जमातींची: केल्ट, नॉर्स, ग्रीक, अ‍ॅझटेक. आता जनावराला प्रश्न पडतो, मार नेमका कशाचा बसला? पद्धत सगळे निकष लावून बघते आणि मार-शाबासकीची फोड सगळ्यात स्वच्छ करणारा निकष आधी उचलते. इथे तो निघतो 'गाव आपलं की शत्रूचं'. आपलं असेल तर विषय तिथेच संपला. शत्रूचं असेल तर दुसरा प्रश्न, बंदोबस्त किती. कमकुवत असेल तर अधिक ०.४, मध्यम असेल तर अधिक ०.१, बळकट असेल तर उणे ०.३. जमातीचा रकाना बिनकामाचा ठरून गळून पडतो. नऊ प्रसंगांतून जनावराने एक मत बनवलं, आणि ते मत कागदावर लिहून दाखवता येतं.

माझ्या मते खरी करामत ही आहे. यातला एकही भाग त्या वेळी नवा नव्हता, पण हे जनावर चुकलं तर का चुकलं ते शोधता येतं. नॉर्न शिकला नाही, तर हजार न्यूरॉनमध्ये बोट कुठे ठेवणार?

चूक बहुतेकदा शिकवणाऱ्याचीच निघते. चापट बसते ती जनावराने नुकत्याच केलेल्या कृतीवर. त्याने गावकरी गिळला, आपण हात पोचवेपर्यंत ते झाडाकडे वळलं, आणि मग पाठीत सटासट बसल्या. धडा गेला झाडाच्या खात्यावर! शिवाय ते आपल्याकडे बघूनही शिकतं. त्याला बांधायला तीन दोर आहेत, एक शिकवणीचा, एक मायेचा, एक आक्रमकपणाचा. शिकवणीच्या दोरावर ते आपली प्रत्येक करणी न्याहाळतं आणि नक्कल करतं. पुढे ते दुष्ट निघालं तर त्याच्या अंगावर शिंगं-काटे उगवतात, सज्जन निघालं तर कांती उजळते.

२००५ साली आलेल्या खेळाच्या दुसऱ्या भागात कुरवाळताना-मारताना पट्टी दिसू लागली: ही सवय अमुक टक्के पक्की झाली, तमुक मोडली. तक्रारी कमी व्हाव्यात हा हेतू समजण्यासारखा आहे. पण टक्के दिसायला लागले आणि जनावर हे सेटिंगचं पान झालं. मत उलगडता येणं वेगळं आणि ते सतत डोळ्यांपुढे टांगणं वेगळं. पहिल्या भागात आपण जनावराकडे बघायचो, दुसऱ्यात पट्टीकडे.

लायनहेड २००६ साली मायक्रोसॉफ्टने घेतली आणि २०१६ साली बंद केली. हसाबिस यांनी २०१० साली सहकाऱ्यांसह डीपमाइंड सुरू केली. तिथल्या प्रणालीने २०१५ साली अटारीचे ४९ गेम खेळून दाखवले. तिला शिकवायला फक्त पडद्याचं चित्र आणि गुणांचा आकडा होता, म्हणजे थॉर्नडाइकचाच नियम. पण ती खेळी अशी का खेळली, हे विचारायची सोय नव्हती. इव्हान्सही पुढे डीपमाइंडमध्ये गेले आणि २०१८ साली त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर शोधनिबंध लिहिला. विषय होता, थोड्या आणि गढूळ उदाहरणांतून यंत्राने माणसाला वाचता येतील असे नियम कसे शिकावेत.