फुसका बार

फुसका बार म्हटला की आपण हसतो. गर्जना करणाऱ्या पुढाऱ्याची सभा पडली की आपण तोच शब्द वापरतो. पण बंदुकीच्या इतिहासात सर्वांत घातकी बार कुठला असेल, तर तो हाच.

माझ्या आजोबांकडे कुळागरात शिरणाऱ्या रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. दारू घालण्यापूर्वी ते नळीत गज सोडत आणि तो किती वर राहतो ते पाहत. गज नेहमीपेक्षा वर राहिला, तर आत जुना बार अडकलेला आहे असे समजायचे. मला तेव्हा तो म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटे.

एकोणिसाव्या शतकात पितळी काडतुसे आली. ती महाग असत, म्हणून अमेरिकेतले शिकारी रिकामी नळकांडी घरीच पुन्हा भरू लागले. १८८४ साली जॉन बार्लो याने त्यासाठी हत्यारे बनवणारा ‘आयडियल’ कारखाना काढला. तेव्हाची काळी दारू नळकांडे गच्च भरून टाके. कमी पडली तर लगेच दिसे, दुप्पट तर मावतच नसे.

त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूरविरहित दारू शोधली. ती थोडकीच पुरे. नळकांडे बरेचसे रिकामे राहू लागले आणि चूक डोळ्यांआड गेली. दारू घालायचीच राहिली, तर नुसती टोपी पेटून गोळी नळीत ढकलली जाते आणि मध्येच अडकते. आवाज ‘फुस्स’ असा होतो. त्यामागून दुसरा बार काढला तर नळी फाटू शकते.

३१ मार्च १९९३ रोजी ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन अमेरिकेत चित्रीकरणात झालेल्या जखमेने गेला. वय अवघे अठ्ठावीस. चित्रीकरणासाठी खऱ्या काडतुसांतली दारू काढून नकली काडतुसे केली होती, पण एकीची टोपी जिवंत राहिली होती. तिने ढकललेली गोळी नळीत अडकून बसली. पुढे त्याच पिस्तुलातून नुसत्या आवाजाचे काडतूस उडवले आणि त्या जोराने ती गोळी बाहेर पडली. मधल्या काळात नळीत कोणी डोकावलेच नव्हते.

जाणते कारागीर आजही नळकांडी फळीवर रांगेत उभी करतात आणि गोळी बसवण्यापूर्वी प्रत्येकात विजेरीचा उजेड टाकून दारूची पातळी पाहतात. नळकांडे निम्म्याहून अधिक भरेल अशीच दारू निवडतात, म्हणजे दुप्पट पडली तर ती सांडते. तयार काडतूस तोलून मात्र भागत नाही, कारण पितळ आणि शिसे यांच्या वजनातला फरकच कधी दारूइतका असतो. संशय आला तर त्या खेपेतले प्रत्येक काडतूस उकलायचे. आणि आवाज फुसका आला, तर तिथेच थांबायचे, बंदूक रिकामी करायची, नळी आरपार दिसते का ते पाहायचे. अडकलेली गोळी दुसऱ्या बाराने कधीच काढायची नाही, ती गजाने ठोकूनच काढायची.

आजोबांनी यातले काही वाचले नव्हते. पण गज सोडल्याशिवाय त्यांनी बार कधी भरला नाही.