जुन्या, स्वस्त लॅपटॉपचा घरगुती म्युझिक प्लेअर कसा बनवायचा?

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर, म्हणजे वाडी रत्नागिरीला, लाखो भाविक येतात. सासनकाठ्या नाचतात, गुलाल उधळला जातो, 'चांगभलं'चा गजर होतो. अशा गर्दीत एकाच टॉवरवर हजारो मोबाईल आले की ॲपवर गाणं लावून उपयोग नाही, नुसतं चक्र फिरत राहतं. दुसरीकडे, कपाटात आजोबांनी जमवलेल्या भक्तिगीतांच्या, भजनांच्या कॅसेटी धूळ खात असतात. त्यातलं बरंच काही कुठल्याच ॲपवर मिळत नाही. या दोन्हींवर एक सोपा उपाय म्हणजे घरातला जुना लॅपटॉप.

लॅपटॉप कसा हवा?

गाणी वाजवायला फार ताकद लागत नाही. ४ जीबी रॅम आणि १२८ जीबी एसएसडी भरपूर झाली. कीबोर्डची दोन बटणं गेली असली तरी चालेल. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे इंटरनेटही वापरणार असाल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाका. ती मोफत आणि हलकी आहे. सेकंडहँड घेताना हेडफोन लावून जॅक तपासा. बॅटरी फुगलेली असेल तर तो लॅपटॉप घेऊच नका.

किती गाणी बसतात?

३२० केबीपीएस एमपी३ ला मिनिटाला साधारण २.४ एमबी लागतात. म्हणजे ६० मिनिटांची एक कॅसेट सुमारे १४५ एमबी. ८० जीबी जागा मोकळी असेल तर पाचशेहून जास्त कॅसेटी बसतील!

सेटिंग कसं करायचं?

१. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ऑक्स केबलने होम थिएटर किंवा ॲम्प्लिफायर जोडा. ब्लूटूथही चालतं, पण वायरचा आवाज मध्येच तुटत नाही.

२. व्हीएलसी प्लेअर टाका. गायक किंवा कॅसेटच्या नावाने फोल्डर करा.

३. पॉवर सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर काहीच होऊ नये असा पर्याय निवडा. हवा जाण्याच्या जाळ्या मात्र झाकू नका.

४. मोबाईलचा रिमोट करायचाय? व्हीएलसीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ऑल' निवडून वेब इंटरफेस सुरू करा आणि लुआ विभागात पासवर्ड ठेवा. मग मोबाईलच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी ॲड्रेस आणि पुढे :८०८० टाका. आकडे इंग्रजीतच टाइप करा. दोन्ही एकाच वायफायवर हवेत, पण इंटरनेट लागत नाही.

कॅसेटी लॅपटॉपवर कशा घ्यायच्या?

हे काम लांबवू नका. कॅसेटची चुंबकीय फीत ओल, बुरशी आणि उन्हाने खराब होते, आणि चालू स्थितीतले टेपही आता कमी राहिलेत.

- टेपचा हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने हलका पुसा.
- कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मागे फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेली फीत मोकळी होते.
- बऱ्याच लॅपटॉपच्या एकमेव जॅकमध्ये फक्त मोनो माईक चालतो. म्हणून लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या आणि टेपचा लाइन-आउट त्याला जोडा.
- ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ४४१०० हर्ट्झ, स्टीरिओ निवडा. सर्वात मोठा आवाज −६ डीबीच्या आसपास राहील इतकीच पातळी ठेवा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.
- ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात. रोज एक केली तरी महिन्यात तीस होतात.
- मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा, मोबाईलसाठी एमपी३ करा.

घूं असा आवाज येतोय?

चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूपचा दोष आहे. ऑक्स केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावला की तो जातो.

एक गोष्ट विसरू नका

लॅपटॉपची डिस्क न सांगता जाऊ शकते. सगळी गाणी पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या हार्डडिस्कवर कॉपी करून वेगळ्या ठिकाणी ठेवा. बाजारातली गाणी पुन्हा मिळतील. पण घरातल्या भजनात टेप केलेला आजीचा आवाज एकाच कॅसेटवर असतो, तेव्हा सुरुवात त्या कॅसेटपासून करा.