आण्विक छत्राश्रयाची कारणमीमांसा

अण्वस्त्रहीन राष्ट्रावर आक्रमण झाल्यास प्रसंगी आपल्या अण्वस्त्रांनी उत्तर देऊ, असे अण्वस्त्रधारी मित्राचे अभिवचन म्हणजे आण्विक छत्र. ते देणारा आश्रयदाता, घेणारा आश्रित. ज्याच्यापाशी निर्मितीची क्षमताच नाही त्याचा विचार येथे कर्तव्य नाही, कारण त्याच्यापुढे निवडच नसते.

समर्थ राष्ट्र छत्राश्रय पत्करते त्याची कारणे तीन : (१) अभिवचनावरील विश्वास, (२) स्वतंत्र निर्मितीतील जोखीम, (३) आश्रयदात्यावरील परावलंबन. प्रथम कारणास सामान्यतः अग्रस्थान दिले जाते. ते साधार नाही.

अभिवचनात मूलतःच एक व्यंग आहे : परक्या नगरासाठी स्वतःची नगरे पणाला लावण्याची सिद्धता त्यात गृहीत असते. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नेमके त्यावर बोट ठेवले. फ्रान्सने १९६० मध्ये सहारात चाचणी केली. पश्चिम जर्मनीला तेच अभिवचन होते आणि तेच व्यंग दिसत होते. तथापि १९५४ मध्ये तिचे चॅन्सेलर आडेनाउअर यांनी स्वभूमीवर अण्वस्त्रे न निर्मिण्याचे वचन दिले. सार्वभौमत्व व नाटोप्रवेश त्याच व्यवहारात गुंतले होते. अभिवचन समान असून परिणाम भिन्न. म्हणून विश्वास हे पर्याप्त कारण नव्हे.

द्वितीय कारण स्पष्टच आहे. निर्णय आणि सिद्ध अस्त्र यांच्यामध्ये वर्षे जातात, आणि त्या अवधीत शत्रू सावध होतो तर मित्र दुरावतो.

तृतीय कारणाची खरी कसोटी दक्षिण कोरियात लागली. तेथे अमेरिकेशी १९५३ चा संरक्षण करार होता. १९५८ पासून अमेरिकी अण्वस्त्रेही होती. तरीही १९७१ मध्ये अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांनी एक संपूर्ण डिव्हिजन मागे घेतल्यावर दक्षिण कोरियाचे अध्यक्ष पार्क चुंग-ही यांनी गुप्त अण्वस्त्रकार्यक्रम हाती घेतला. वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळे काढणारा पुनर्प्रक्रिया प्रकल्प फ्रान्सकडून घेण्याचे ठरले. एप्रिल १९७५ मध्ये कोरियाने अण्वस्त्रप्रसारबंदी करारास मान्यता दिली. कार्यक्रम मात्र थांबला नाही. पुढील अणुभट्टीचे अमेरिकी कर्ज आणि लष्करी सहकार्य दोन्ही धोक्यात येतील, असा दबाव आल्यावर १९७६ च्या आरंभी सोलने तो प्रकल्प सोडला. या काळात विश्वास वाढला होता, असे म्हणता येत नाही. पुढच्याच वर्षी अमेरिकी अध्यक्ष कार्टर यांनी उर्वरित भूदल काढून घेण्याचे धोरण घोषित केले. माघारीचे भय हेच अस्त्रेच्छेचे मूळ होते, आणि माघारीचीच धमकी तिच्यावरील अंकुश ठरली.

व्यतिरेकी उदाहरण भारताचे. १९६७ मध्ये पंतप्रधानांचे सचिव एल. के. झा मॉस्को व वॉशिंग्टन येथे जाऊन आले. भारताला सुरक्षेची हमी हवी होती, युतीचे बंधन नको होते. हमी मिळाली नाही. परावलंबन नसल्याने अंकुशही नव्हता. १९७४ मध्ये पोखरणला चाचणी झाली.

अंकुशाचे स्वरूप मात्र स्थिर नाही. कोरियातील अमेरिकी अण्वस्त्रे १९९१ मध्ये परत गेली. उत्तर कोरिया अण्वस्त्रधारी झाल्यावर सोलमध्ये स्वतंत्र अस्त्राची मागणी पुन्हा उघडपणे होऊ लागली. एप्रिल २०२३ च्या अमेरिका-दक्षिण कोरिया वॉशिंग्टन घोषणेने त्यावर आण्विक सल्लामसलत गट दिला आणि मोबदल्यात प्रसारबंदीच्या वचनाची पुनरुक्ती घेतली. आश्रिताला विचारविनिमयात स्थान मिळाले. अस्त्र वापरण्याचा अंतिम अधिकार अमेरिकी अध्यक्षांकडेच राहिला.