पानशेत पूर : पुण्याचे पुनर्वसन

मुठेला मिळणाऱ्या अंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण, बांधकाम अपुरे असतानाच, १२ जुलै १९६१ रोजी सकाळी फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. दुर्घटनेच्या चौकशीसाठी आयोग नेमला गेला. या नोंदीचा विषय मात्र त्यापुढचे काम हा आहे.

पाणी ओसरले तरी पडझड थांबली नाही. जुन्या वाड्यांचे जोते दगडी, पण वरच्या भिंती मातीच्या. भिजलेल्या भिंती नंतरही खचत राहिल्या, त्यामुळे घरातला गाळ उपसायला आत जाणेही धोक्याचे होते. शहराचे पाणी खडकवासल्याहून येई; तेच धरण गेल्याने महापूर पाहिलेल्या गावात प्यायला पाणी नाही, अशी अवस्था झाली. तेव्हा वाड्यांतल्या विहिरी आणि कात्रजच्या पेशवेकालीन नळाचे हौद पुन्हा कामी आले.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी पुनर्वसनाची सूत्रे सनदी अधिकारी स. गो. बर्वे यांच्याकडे सोपवली. पूर्वी पुण्यातच कारभार सांभाळलेला असल्याने शहर त्यांच्या परिचयाचे होते. लष्कर, महापालिका, महसूल खाते आणि स्वयंसेवी मंडळी यांची कामे एका हाताखाली आली, हे या पुनर्वसनाचे खरे बळ. एरवी प्रत्येक खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवले असते.

सर्वांत अवघड प्रश्न भाडेकरूंचा होता. पेठांत वाड्यांच्या खोल्यांतून बिऱ्हाडे राहत; वाडा पडला तर मालकाकडे निदान जागा उरे, भाडेकरूकडे काहीच नाही. म्हणून नुसती नुकसानभरपाई देऊन भागणार नव्हते, घरेच बांधावी लागली. आधी शाळांतून आसरा, मग अर्धगोल पत्र्याच्या निसेन हट (उन्हाळ्यात त्या किती तापत, हे राहिलेल्यांनाच ठाऊक) आणि पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या पक्क्या वसाहती उभ्या राहिल्या. नदीकाठी दाटलेले पुणे पर्वतीच्या पायथ्याकडे आणि चतुःशृंगीच्या बाजूला पसरले, त्याला या वसाहतींनी मोठाच हातभार लावला.

बर्वे १९६२ साली विधानसभेवर निवडून आले आणि राज्याचे अर्थमंत्री झाले. पुनर्वसनातला एक प्रश्न मात्र मागे राहिला. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहसंस्थांना जमिनी दिल्या गेल्या त्या भाडेपट्ट्याने. या जमिनींच्या मालकी हक्काचा प्रश्न पुढे पन्नासहून अधिक वर्षे रेंगाळला.