धर्मगुरूंचं वाक्य आणि निवडणुकीचा प्रचार

मंडळी, गुंडामहाराजांच्या देगलुरात उभं राहून धर्मगुरूंच्या बोलण्याची चिकित्सा करायची, म्हणून मी आधी जरा कचरलो होतो. मग वाटलं, कीर्तन ऐकत वाढलेल्या गावालाच हा विषय नीट कळेल. महाराज दोन तास बोलतात. सुरुवातीला टोचलेलं शेवटी उकलतं. त्यातलं अर्ध्या मिनिटाचं वाक्य कापून मोबाइलवर फिरवलं, की ते महाराजांचं राहत नाही, फिरवणाऱ्याचं होतं.

अमेरिकेत २००८ साली नेमकं हेच घडलं. बराक ओबामा उमेदवारीसाठी झगडत होते. शिकागोतले त्यांचे धर्मगुरू जेरेमाया राइट यांनी २००३ साली एका प्रवचनात, कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाचा पाढा वाचत, देव अमेरिकेला शाप देवो अशा आशयाचं म्हटलं होतं. पाच वर्षांनी, ऐन प्रचारात, तेवढाच तुकडा दूरचित्रवाणीवर पुन्हापुन्हा दाखवला गेला. ओबामांनी १८ मार्चला फिलाडेल्फियात भाषण केलं. राइट यांचं बोलणं चूक म्हटलं, पण माणसाला झिडकारलं नाही. त्या पिढीच्या मनातली कडवट चीड कुठून आली ते सांगितलं, आणि गोऱ्या कष्टकऱ्यांच्याही मनात राग आहे, हेही. पुढं एप्रिलअखेर राइट पुन्हा बोलले आणि ओबामांनी त्यांच्याशी संबंध तोडला. राजकारणच ते! पण मधल्या सहा आठवड्यांत तो देश वंशाच्या प्रश्नावर थोडं तरी मोकळं बोलला.

आपल्याकडे वंशाच्या जागी जात आणि धर्म. आणि राजकारणातली भगवी कफनी मराठवाड्याला नवी नाही. स्वामी रामानंद तीर्थ संन्यासी होते. १९३८ साली निजामानं राज्य काँग्रेसला जातीय ठरवून बंदी घातली, तेव्हा त्यांनी सत्याग्रह केला. त्याच सुमारास आर्य समाज आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह चालू होता. दोन्ही एकच समजले जाऊ नयेत, म्हणून गांधीजींच्या सल्ल्यानं राज्य काँग्रेसनं डिसेंबरात आपला सत्याग्रह थांबवला. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तोंडी जाईल याची एवढी धास्ती! हेच स्वामीजी १९५२ साली गुलबर्ग्यातून लोकसभेवर गेले.

आता २०२४ कडे येऊ. ऑगस्टमध्ये सिन्नर तालुक्यातल्या सप्ताहात सराला बेटाचे रामगिरी महाराज पैगंबरांविषयी बोलले. काय बोलले ते मी इथं उगाळणार नाही. राज्यात ठिकठिकाणी गुन्हे नोंदवले गेले. मुख्यमंत्री त्याच सप्ताहाला जाऊन संतांच्या पाठीशी असल्याचं सांगून आले. सप्टेंबरात इम्तियाज जलील संभाजीनगरहून मुंबईला मोर्चा घेऊन निघाले. नोव्हेंबरात मौलाना सज्जाद नोमानींनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना पाठिंबा जाहीर केला, आणि भाजपला मत देणाऱ्या मुसलमानांवर बहिष्काराची भाषा केल्याची त्यांची चित्रफीत फिरली. फडणवीसांनी ‘व्होट जिहाद’ला ‘धर्मयुद्धा’नं उत्तर द्या म्हटलं. आघाडीचे नेते बहुतेक गप्प राहिले. एका बाजूला वाक्याचा उपयोग, दुसऱ्या बाजूला मौन. मुसलमान वस्तीतली बेकारी किंवा मराठा-ओबीसी ताण यावर ओबामांसारखं उभं राहून कोणी बोललं नाही. माझी तक्रार महाराज-मौलानांपेक्षा या उमेदवारांविषयी जास्त आहे.

कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्माच्या नावानं मत मागायला मनाई करतं; २ जानेवारी २०१७ ला सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. पण कलम लागतं उमेदवाराला, त्याच्या प्रतिनिधीला, किंवा त्यांच्या संमतीनं बोलणाऱ्याला. स्वतःहून बोलणारा धर्मगुरू बाहेर राहतो.

आणि मतांवर परिणाम किती? आपलाच निकाल बघा. २० नोव्हेंबरला आपण एकाच केंद्रात दोन मतं दिली. नांदेड लोकसभेची पोटनिवडणूक काँग्रेसचे रवींद्र चव्हाण १,४५७ मतांनी जिंकले. त्याच मतदारसंघातल्या सहाही विधानसभा महायुतीनं घेतल्या, देगलूरसुद्धा. हजारो माणसांनी एका यंत्रावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं बटण दाबलं. ‘मौलानांमुळं झालं’ म्हणणाऱ्यानं आधी हे कोडं सोडवावं.

परिणाम झाला तो दुसरीकडे. माझा एक जुना विद्यार्थी टेलर आहे, मुसलमान. त्या महिन्यात कपडे शिवायला आलेला प्रत्येक तिसरा माणूस त्याला विचारायचा, “तुमचे मौलाना काय बोलले हो?” त्यानं नोमानींचं नावही तोवर ऐकलं नव्हतं. मला मात्र रामगिरी महाराजांबद्दल कोणी जाब विचारला नाही; ऑगस्टमध्ये नाही, नंतरही नाही. पुढं मौलानांनी माफी मागितली. ते सांगायला त्या दुकानात कोणी गेलं नाही. मीही गेलो तो दिवाळीत शिवायला टाकलेला सदरा आणायला, जानेवारीत.

वेळ संपली वाटतं. प्रश्न असतील तर घेऊ.