खांच पाडलेल्या काठीपासून उपग्रहापर्यंत

हिंगणघाट म्हटलें कीं कापूस, एवढीच त्या गांवाची ओळख आमच्या नागपूरकर मित्रांस असते. तेथें एक थडगें पाहण्यासारखें आहे असें सांगितलें, तर ते आमच्याकडे थोड्या काळजीनेंच पाहतात. परंतु १८०२ सालीं मद्रासजवळ हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीस ज्यानें आरंभ केला, तो विल्यम लॅम्बटन हैदराबादेहून नागपुराकडे येतां येतां २० जानेवारी १८२३ रोजीं याच गांवीं वारला. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन तेथें गेलों होतों. त्यांतील एकानें खिशांतून मोबाइल काढला, उभ्या जागेचे अक्षांश-रेखांश क्षणार्धांत वाचून दाखविले, आणि विचारलें, "सर, एवढ्यासाठीं हा मनुष्य वीस वर्षें अर्ध्या टनाचें यंत्र घेऊन हिंडला?" आम्हांस तेथल्या तेथें उत्तर सुचलें नाहीं. परतीच्या वाटेवर मात्र बुटीबोरीच्या अलीकडे सागाच्या ओंडक्यांनीं भरलेला एक ट्रक पुढें गेला, आणि विचार जमिनीवरून जंगलाकडे वळला.

जमीन मोजून झाली, कीं तिजवर जें उभें आहे तें मोजण्याची वेळ येते. आणि जंगल मोजणें हें शेत मोजण्यापेक्षां अवघड. १८५६ सालीं डीट्रिख ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशांत पेगूच्या सागवनांवर अधिकारी म्हणून आला, तेव्हां कोणत्या जाडीचीं किती झाडें उभीं आहेत याचा कोणासच धड अंदाज नव्हता. त्यानें हत्तीवर बसून वनें पालथीं घातलीं. पावसांत कागद टिकत नाहीं, म्हणून तो बांबूच्या काठ्यांवर खांचा पाडीत गेला. जाडीच्या प्रत्येक वर्गास निराळी काठी, असें सांगतात. पुढें १८६४ सालीं हाच गृहस्थ हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला मुख्य अधिकारी झाला. आजच्या संगणकावरील वनगणनेचा मूळपुरुष शोधावयाचा, तर तो या काठींत सांपडेल: एका झाडास एक खूण, खुणांची बेरीज, आणि बेरजेवरून यंदां किती तोडावें याचा निर्णय.

इकडे नागपूरचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें, १८६१ सालीं मध्यप्रांत निर्माण झाला, आणि १८६७ सालीं आगगाडी नागपुरास पोंचली. रुळांखालच्या लांकडी स्लीपरांनीं साल व साग यांचीं जंगलें अशीं गिळण्यास आरंभ केला, कीं सरकारासही धास्ती वाटावी. कॅप्टन पिअर्सन यांच्या हाताखालीं १८६० च्या सुमारास या प्रांतांत वनखातें उभें राहिलें, त्यामागें ही धास्तीच मुख्य होती. या खात्याचीं दोन हत्यारें फार साधीं, पण फार प्रभावी. एक शिक्क्याचा हातोडा. तोडावयाच्या झाडाच्या बुंध्यावर त्याची खूण उमटे, ओंडक्यावरही उमटे, आणि दोन्हीं जुळलीं तरच माल खरा. दुसरें हत्यार म्हणजे वाहतुकीचा परवाना, ज्यास विदर्भांत सारे 'टी. पी.' म्हणतात. परवान्यावांचून लांकूड नाक्यापुढें जात नाहीं. १८७८ व १९२७ च्या कायद्यांनीं ही व्यवस्था पक्की केली, आणि १९२७ च्या कायद्यानें 'झाड' या शब्दांत बांबूही घातला. वनस्पतिशास्त्रांत बांबू हें गवत. कायद्यांत तें झाड झालें. आमच्या मतें या एका शब्दानें जंगलांतल्या गोंडाच्या धंद्यावर जेवढा परिणाम केला, तेवढा पुढच्या कोणत्याही यंत्रानें केला नाहीं.

परवान्याचा अनुभव आम्हांसही आहे. वडिलांच्या शेतांतील सागाचीं सात झाडें विकावयाचीं होतीं. झाडें आमचीं, शेत आमचें. पण अर्ज, पंचनामा, मोजणी व शिक्का होऊन गाडी हालेपर्यंत दोन पावसाळे गेले, आणि मधल्या काळांत व्यापाऱ्यानें भाव उतरविला. पांढरपेशाची ही तऱ्हा, तर ज्यास अर्ज लिहितां येत नाहीं त्यानें काय करावें? तो झाडें उभींच ठेकेदारास देऊन टाकतो, आणि कागदाचा फायदा कागद जाणणाऱ्यास मिळतो.

पुढें जंगलाकडे आकाशांतून पाहण्याचे दिवस आले. भारतीय वन सर्वेक्षणाचा पहिला अहवाल १९८७ सालीं निघाला; तो परदेशी उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला होता, आणि त्यांत ४०० हेक्टरांहून लहान वन दिसतच नसे. मार्च १९८८ मध्यें आपला स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह उडाला, व त्याच वर्षीं नागपुरांत महाराष्ट्राचें सुदूर संवेदन उपयोजन केंद्र सुरू झालें. आज एक हेक्टराचा तुकडाही नकाशांत येतो. मात्र उपग्रहास झाड दिसतें, झाडाचा धनी दिसत नाहीं. एक हेक्टराहून मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून अधिक छाया असली कीं तें वनाच्छादन. मग तेथें फळबाग कां असेना! संत्र्याच्या मळ्यास अरण्य म्हणतां येईल, हें ऐकून काटोलचे बागायतदार हंसतील कीं रागावतील, हें सांगणें कठीण.

एवढी प्रगती झाली, तरी गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गांवास आपला बांबू विकतां येईना. या भागांतला बांबू दीर्घ मुदतीच्या करारानें बल्लारपूरच्या कागदगिरणीस जात असे. बांबूचा कागद होई, आणि बांबू तोडण्यास पुन्हां कागदच लागे! २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूस गौण वनोपज ठरविलें, आणि २००९ मध्यें मेंढ्याच्या ग्रामसभेस सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही ग्रामसभेनें बांबू विकावयास काढला, तेव्हां वाहतुकीचा परवाना नाकारण्यांत आला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हातीं देण्यांत आलें. त्यानंतर ग्रामसभेनें स्वतः निविदा मागविल्या व भाव ठरविला. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. उपग्रह नव्हे, संगणक नव्हे, तर एकोणिसाव्या शतकांतलें तेंच जुनें पुस्तक. फक्त त्यावर सही करणारा हात बदलला, आणि मजुराचा व्यापारी झाला.

तेंदूच्या पानांचीही हीच कथा. १९६९ च्या कायद्यानें हा व्यापार सरकारानें आपल्याकडे घेतला. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी, हा हिशेब फडावर अजून चालतो. परंतु आतां गडचिरोलींतील अनेक ग्रामसभा आपला लिलाव आपणच करतात. त्यांत ठेकेदारानें पैसे थकविल्याच्या तक्रारीही आहेत. व्यापार हातीं आला म्हणजे बुडीत खातेंही हातीं येतें.

२९ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय परवाना पद्धति सुरू झाली आहे. अर्ज संगणकावर, परवाना मोबाइलवर, आणि नाक्यावर पहारेकरी चौकोनी चिन्हावर यंत्र धरून तपासणार. आमच्या सात सागांस ती मिळती, तर दोन पावसाळे वांचले असते, हें आम्ही मोकळेपणीं मान्य करतों. परंतु दूरच्या टोल्यांत जेथें फोनचें नेटवर्क मिळविण्यास टेकडी चढावी लागते, तेथें हा चौकोन कोणाच्या मोबाइलवर उमटणार? ग्रामसभेच्या, कीं तिच्या वतीनें अर्ज भरून देणाऱ्या मध्यस्थाच्या? जुन्या पुस्तकापेक्षां ही किल्ली हरवणें सोपें आहे.

या बाबतींत २०१२ च्या सुधारित वनहक्क नियमांत एक कलम मोठें मार्मिक आहे. उपग्रहाचें चित्र हा इतर पुराव्यास पूरक पुरावा समजावा, त्यांच्या जागीं त्यास बसवूं नये, असें तें सांगतें. म्हणून गांवाची हद्द आंखतांना गांवांतील म्हातारे पुढें चालतात. हा नाला, ही टेकडी, हें देवाचें झाड, येथपर्यंत आमच्या बापाचीं गुरें येत, असें ते सांगत जातात, आणि मागून पोरें हातांतील यंत्रांत प्रत्येक ठिकाणाचे अक्षांश-रेखांश टिपीत येतात.