वहिवाट आणि सत्य

रोज जे घडताना दिसते तेच अनादि, अशी आपणा सर्वांची समजूत होऊन बसते. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ साली संमत झाला. महाड म्युनिसिपालिटीने १९२४ साली तळे खुले केले. तथापि व्यवहार बदलला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तेथील पाणी प्याले. तेव्हा काही स्पृश्य गृहस्थांनी अनादि वहिवाटीच्या आधारावर दावा लावला. १९३७ साली मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. वहिवाट अनादि असल्याचे सिद्ध झाले नाही.

ही समजूत मग आली कोठून? घागर भरली जात असता कोण दूर उभे राहते, हे मूल नित्य पाहते आणि तीच जगाची रीत मानते. त्यास निराळा उपदेश लागत नाही. ज्ञातिबंधुभगिनींनो, दारी आलेल्यास आपण कोणत्या पेल्यातून पाणी देतो, यावरूनच आपली मुले उद्याचे सत्य ठरविणार आहेत.